कारखान्यात सेव्हन: घरी स्पोर्ट्स कार बांधायच्या तयारीच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसऱ्याला कारखाना झाडून काढला. कारखाना म्हणजे वडिलांचा पॉवरलूमचा, आठ माग होते, तीन वर्षांपूर्वी भंगारात गेले. तेव्हापासून सोलापुरात अक्कलकोट रोडची ही पत्र्याची शेड रिकामीच आहे, १८ बाय ३२ फूट. आता इथे टू सीटर स्पोर्ट्स कार बांधायची असं ठरवलंय. मी मोटर रिवाइंडिंग करतो, त्यामुळे वायरिंगची भीती नाही, पण वेल्डिंग आणि गाडीचं मेकॅनिकल मला नवीन आहे. आपल्या भागात कुणाला हेच करायचं असेल तर माझे पैसे आणि रविवार कुठे गेले ते कळावं म्हणून या नोंदी ठेवतोय.

आधी कोब्रा डोक्यात होती. १९६२ साली कॅरोल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी एस गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं, ती. लहानपणी सलूनमध्ये तिचं पोस्टर होतं आणि कटिंगचा नंबर येईपर्यंत मी तेच बघत बसायचो. पण तिची बॉडी सगळी गोल, दोन्ही बाजूंनी फुगीर, म्हणजे फायबरचे साचे आले, आणि व्ही-८ आपल्याकडे आणायचं कुठून. म्हणून लोटस सेव्हनवर आलो. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी काढलेली गाडी. बारीक लोखंडी पाईपचा सांगाडा, त्यावर सपाट अॅल्युमिनियमचा पत्रा, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, वजन साधारण ५०० किलो. इंग्लंडमध्ये तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांच्या किटवर नव्हता, म्हणून लोक किट घरी नेऊन जोडायचे. १९७३ साली हक्क कॅटरहॅमकडे गेले, तरी तिच्यासारख्या गाड्या घरी बांधायचं काही थांबलं नाही. २५ मि.मी. चौकोनी पाईपमध्ये स्वतः सांगाडा जोडतात, त्याला तिकडे लोकॉस्ट म्हणतात.

सपाट पत्रा ही सोलापूरकरांसाठी मोठी सोय आहे. इथे कुलर बनवणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्याकडे पत्रा वाकवायचं मशीन असतंच.

२७ ऑक्टोबर

दोन आठवडे फक्त फोन, मेल आणि कागद.

इंग्लंडच्या एका छोट्या किटवाल्याकडून कोटेशन मागवलं. सांगाडा, पत्रे, नाकाचा फायबर, मडगार्ड, सस्पेन्शनचे आर्म मिळून साडेचार हजार पाउंड, म्हणजे आजच्या भावाने पावणेपाच लाखाच्या वर. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल त्यात नाही. पेटीचं जहाजभाडं वेगळं. न्हावाशेवाच्या एका क्लिअरिंग एजंटशी बोललो तर तो सरळ म्हणाला, "साहेब, सुटे भाग म्हणून ड्युटी लागेल की गाडीचं किट म्हणून, ते पेटी उघडल्यावर ठरणार, मी आत्ता आकडा देत नाही." ज्या खर्चाचा आकडाच कुणी देत नाही त्यात मी उतरणार नाही. किट रद्द. सांगाडा इथेच बांधायचा.

दुसरा विषय पासिंगचा. हा आधी वाचून घ्या, मग पाईप आणायला जा. घरी बांधलेल्या गाडीला एमएच-१३ चा नंबर मिळणार नाही. इंग्लंडमध्ये अशा एकेका गाडीची आयव्हीए नावाची तपासणी होते आणि पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १२६ व्या नियमाप्रमाणे गाडीचा नमुना एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. तो रस्ता कंपन्यांसाठी आहे, एका गाडीसाठी त्या चाचण्यांचा खर्च कुणालाच झेपणार नाही. मग कोणीतरी सुचवतंच की जुनी गाडी घे, तिच्याच आरसीवर नवी बॉडी चढव. ते अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत चालणार नाही. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारेल.

त्यामुळे माझी गाडी रस्त्यावर येणार नाही. दाजींच्या बंद गोडाऊनचं कंपाउंड आहे, तिथे चालवायची, आणि पुढे कधीतरी ट्रेलरवर घालून कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर न्यायची. तो ट्रॅक ज्यांच्या नावाने आहे त्या करीवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर सिंगल सीटर रेसिंग गाड्या बनवल्या होत्या. आपल्या बाजारात मिळणाऱ्या इंजिनावर पोरांना रेसिंग शिकता यावं हे त्यांनी करून दाखवलं. मला धीर येतो तो त्यांच्याकडे बघून.

हे सगळं घरात सांगितलं. बायकोने एवढंच विचारलं, "रस्त्यावर येणारच नाही तर बांधायची का?" मी म्हटलं, बांधायची आहे म्हणून. तिने दोन लाखांची मर्यादा घातली, दोन वर्षांसाठी. मला ती योग्य वाटते.

१० नोव्हेंबर

सुटे भाग कुठल्या गाडीतून काढायचे त्यात दिवाळी गेली. मारुती ८०० पुढच्या चाकांवर ओढते, बाद. ओम्नी मागच्या चाकांवर आहे पण ७९६ सीसी आणि मागे पाटे. इको मला सगळ्यात पटली. २०२२ पर्यंतच्या मॉडेलला ११९६ सीसी, ७३ हॉर्सपॉवर, पाच गिअर, मागे सरळ एक्सल आणि कॉइल स्प्रिंग, आणि पार्ट कोणत्याही गावात मिळतात. ७३ आकडा लहान वाटेल पण इकोच्या निम्म्याच्या आसपास वजनाला तो पुरून उरेल.

इकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे समोरून ठोकलेली गाडी असली तरी इंजिन बऱ्याचदा वाचलेलं असतं. तशीच शोधतोय.

२४ नोव्हेंबर

मिळाली. २०१४ ची पेट्रोल, समोरून झाडाला धडकलेली, ६८,००० ला, क्रेनचे ३,५००. इंजिन जागेवर चालू करून बघितलं, दहा मिनिटं चालवलं, गरम होऊ दिलं, मगच पैसे दिले. रेडिएटर फुटलेला होता म्हणून बादलीत पाणी घेऊन पाईप जोडून फिरवलं. एवढा खटाटोप नक्की करा, नाहीतर बंद इंजिन घरी आणून त्यावर गाडी उभी करायची म्हणजे आंधळा कारभार.

चूक माझी कागदात झाली. आरसीवर फायनान्सचा बोजा होता आणि विकणारा म्हणाला कर्ज कधीच फिटलंय. कर्ज फिटलं होतं हे खरं, पण बोजा उतरवलाच नव्हता. फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीचं एनओसी आल्याशिवाय पुढे काही होत नाही, आणि बोजा उतरल्याशिवाय आरसी रद्द करायला देता येत नाही. गाडी भंगारात काढली की कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. ती चालू ठेवली तर जुन्या मालकाच्या नावावर ते लोढणं तसंच राहतं. (जानेवारीत घातलेली भर:) विकणाऱ्याला सोबत घेऊन पाच चकरा, सात आठवडे, ४,२०० रुपये. तोपर्यंत मी गाडीचा एक बोल्टही खोलला नाही, कारण चेसिस नंबर जागेवर दिसायला हवा.

१२ जानेवारी २०२५

आरसी शुक्रवारी जमा झाली. आता सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज निघणार, १६ तारखेपर्यंत मदतीला कोणी मिळणार नाही आणि मीही शेडवर जाणार नाही.

मधल्या काळात एक काम मात्र झालं ते लिहितो. तीनफेज कनेक्शन अजून पॉवरलूमच्या सवलतीच्या दरावर होतं. माग नाहीत तर ती सवलत घ्यायची नाही. अर्ज करून कॅटेगरी बदलून घेतली, युनिट महाग पडणार पण ते खर्चात धरलंय.

१९ जानेवारी

इको खोलायला सुरुवात. मुलगी नववीत आहे, तिने प्रत्येक वायरला कापडी पट्टी चिकटवून नंबर टाकला आणि वहीत लिहिलं कुठून कुठे. मी म्हटलं फोटो काढले की झालं, ती म्हणाली फोटोत सगळ्या वायरी काळ्याच दिसतात. तिचं बरोबर होतं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), चावी, मीटर, सेन्सर, सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचं जाळं, एका तुकड्यात काढून पोत्यात भरलं. यातलं काही कापू नका, लांबी कमीजास्त नंतर बघता येते.

२ फेब्रुवारी

इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग बाहेर. दारं, काचा, सीट, मागचा दरवाजा विकून २१,५०० परत आले. सीट बेल्ट मात्र ठेवलेत.

९ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी आहे, कारण या आठवड्यात सगळ्यात जास्त शिकलो.

लोखंडाला हात लावायच्या आधी पूर्ण मापाचा लाकडी सांगाडा बनवायचा असं ठरवलं होतं. एक इंची रिपा आणल्या, एक इंच म्हणजे जवळजवळ २५ मि.मी., पाईपच्याच मापाच्या. स्क्रू, फेविकॉल धरून २,३५० रुपये. दोन रात्री आणि एक रविवार लागला. नकाशा इंटरनेटवरचा, त्याची प्रिंट शेजारच्या झेरॉक्सवर काढली.

पहिली चूक प्रिंटची. ब्रॅकेटचे जे आकार पूर्ण मापात छापायचे होते ते कापून लाकडावर लावले तर एकही भोक जुळेना. संध्याकाळभर मी लाकूडच तासत बसलो. शेवटी मुलीने पट्टी घेऊन कागदावरची १०० मि.मी. ची रेघ मोजली, ती ९६ भरली. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं. तेव्हापासून नियम केलाय, प्रत्येक कागदावर आधी ती रेघ मोजायची आणि कोपऱ्यात सही करायची. ९०० रुपये झेरॉक्सचे दोनदा मिळून.

दुसरी गोष्ट मी स्वतः. उंची पाच फूट अकरा, बूट दहा नंबर. लाकडी सांगाड्यात उशी टाकून बसलो. खांदे दोन्हीकडे घासले आणि पायाच्या बोगद्यात बूट घातला तर क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबले गेले. कागदावर ते माप व्यवस्थित दिसत होतं. ब्रेक दाबताना क्लच दाबला जाणं एकवेळ चालेल, पण घाईत ब्रेक म्हणून अॅक्सिलरेटर दाबला गेला तर काय होईल याचा विचार करून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. रिपा सोडवल्या आणि सगळा सांगाडा १०० मि.मी. रुंद केला. इकोच्या मागच्या दोन चाकांतलं अंतर १२९० मि.मी. आहे, त्यात ही रुंदी बसते.

तिसरी गोष्ट प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याची, आणि यात माझा आधीचा सगळा हिशेब मोडला. इकोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर, २३५० मि.मी., जुन्या सेव्हनचा २२३५. मी धरलं होतं की व्हीलबेस २३५० च ठेवला आणि इंजिन मागच्या एक्सलपासून इकोत होतं तेवढ्याच अंतरावर ठेवलं तर शाफ्ट आहे तसा बसेल, कापाकापी नको. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून इंजिन आणि गिअरबॉक्सचा आकार बनवला आणि त्या जागी ठेवला. गिअरबॉक्सचं पुढचं तोंड, म्हणजे क्लचची घंटी जिथे असते तो सगळ्यात रुंद भाग, बरोबर माझ्या पायाशी आला. इकोमध्ये माणूस इंजिनच्या वर बसतो म्हणून तिथे चालतं. सेव्हनमध्ये माणूस इंजिनच्या मागे आणि जमिनीला टेकून बसतो. पुठ्ठा थोडा थोडा पुढे सरकवत गेलो, ३२० मि.मी. पुढे गेल्यावर पाय मोकळे झाले. म्हणजे शाफ्ट ३२० ने लांबवावा लागणार. पुण्याच्या एका कारखान्याने नवीन नळी, वेल्डिंग आणि बॅलन्सिंग धरून ७,५०० सांगितलेत. हे काम गल्लीत करायचं नाही, बॅलन्स नसलेला शाफ्ट माझ्या डाव्या कुशीपासून वीतभर अंतरावर फिरणार आहे.

पुठ्ठा आणि रिपांनी हे सगळं अडीच हजारात सांगितलं. लोखंडात कळलं असतं तर सांगाडा फेकावा लागला असता.

१६ फेब्रुवारी

टेबल. सांगाडा ज्यावर जोडायचा ते टेबल सपाट नसेल तर गाडी जन्मतःच वाकडी. ३ इंची चॅनेलचं दहा फूट बाय चार फूट टेबल केलं, वर १९ मि.मी. प्लायवूड, सगळं मिळून १४,८००. चॅनेलचं वेल्डिंग ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्ये आला, मला वाटलं झालं.

संध्याकाळी जॉबर काका आले. वडिलांच्या वेळी तीस वर्षं त्यांनीच आमचे माग लावले. लेव्हलच्या बुडबुड्याकडे त्यांनी बघितलंही नाही. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी मागवली, पाणी भरलं, त्यातले फुगे टिचकी मारून काढले आणि एक टोक माझ्या हातात दिलं. चारही कोपरे फिरलो. नाल्याकडचा कोपरा सात मि.मी. खाली. फरशीत मागांचे जुने पाये आहेत, ते वर आणि मधली जमीन खचलेली, त्यामुळे टेबलाचा एक पाय पायावर आणि एक भरावावर उभा होता. मग त्यांनी दोन कर्णांना दोरी लावली. नऊ मि.मी. चा फरक. म्हणजे टेबल नुसतं कललेलं नव्हतं, तिरकं पण होतं.

काका म्हणाले, "मालक, मागात एक सूत चुकलं की धोटा उडतो, माणसाचा डोळा जातो. हे तर तुम्ही आत बसून पळवणार."

पुढचे तीन तास त्यांनी जे केलं ते मी बघत होतो. पालथे पडून एक डोळा मिटून दोरीच्या रेषेत बघायचं, जुन्या पत्र्यातून कात्रीने नखाएवढी पट्टी कापायची, मागातल्या पिकिंग स्टिकच्या (लाकडी दांड्याच्या) तुकड्याने पाय उचलून पट्टी सरकवायची, परत नळी लावायची. कुठे दोन पट्ट्या, कुठे पाच. कात्रीचा आवाज सोडला तर शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. प्रत्येक पायाखाली किती पट्ट्या गेल्या ते त्यांनी खडूने फरशीवर लिहून ठेवलं, मागांच्या वेळी लिहायचे तसं. शेवटी चारही कोपरे एक मि.मी. च्या आत. पायांना अँकर बोल्ट मारून टाकले. (नंतरची भर:) कर्णाचा फरक मात्र चॅनेल कापून परत जोडल्यावरच गेला, त्यात पुढचा रविवारही गेला.

काकांनी पैसे घेतले नाहीत. आईने शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली.

२ मार्च

वेल्डिंग मशीन. आधी घरातल्या साध्या आर्क मशीनवर सराव केला, अडीच एमएमचा रॉड, पातळ पाईपला लावला की भोक. करंट कमी केला तर रॉड चिकटतो. दोन आठवड्यांच्या रात्री त्यात घालवल्यावर सेकंडहँड मिग मशीन (गॅसच्या आवरणाखाली वायरने वेल्ड करणारं) घेतलं, सिलिंडर, रेग्युलेटर, हेल्मेट, ०.८ ची वायर धरून ३८,५००. मोठा खर्च आहे पण पातळ पाईपसाठी दुसरा मार्ग मला जमला नाही.

९ मार्च

मिगचे पहिले टाके चांगले आले आणि दुपारनंतरचे सगळे जाळीदार, इडली फोडल्यावर आतून दिसते तसे. वायर बदलली, टीप साफ केली, व्होल्टेज मोजलं, शेजारचे माग चालू असताना थोडं पडतं पण एवढं नाही. चार तास गेले. शेवटी कारण साधं निघालं. दुपारी उकडायला लागलं म्हणून मी स्टँड फॅन लावला होता, त्याच्या वाऱ्याने वेल्डवरचा गॅस उडून जात होता. फॅन बंद केला की टाका लगेच स्वच्छ. आता सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याची शेड आणि फॅन बंद, म्हणून पहाटे साडेपाच ते साडेआठ एवढीच वेळ ठरवलीय.

१६ मार्च

पाईप. आठ नग, सहा मीटरचे, २५ बाय २५, सोळा गेज सांगून ५४० ला नग घेतले, ४,३२०. सोळा गेज म्हणजे १.६ मि.मी. जाडी पाहिजे. सहा तुकडे कापूनही झाले. सातव्याची बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली कुसळं, पुसताना बोटाला कड पातळ लागली, व्हर्नियर लावला तर १.२. तो अठरा गेज झाला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला सगळे हाच सोळा म्हणून नेतात, आणि कापलेला माल परत घ्यायला नाही म्हणाला.

नगावर पाईप घेऊ नका, वजनावर घ्या. १.६ चा २५ एमएम पाईप मीटरला साधारण १.१७ किलो भरतो, म्हणजे सहा मीटरचा नग सात किलोच्या आसपास. माझा नग काट्यावर ५.४ भरला. काट्यावर ठेवला असता तर दुकानातच कळलं असतं. दुसरीकडून ७८ रुपये किलोने दहा नग आणले, प्रत्येक नग तोलून आणि दोन्ही टोकांना व्हर्नियर लावून, ५,५०० झाले. पातळ पाईप वाया नाही, त्याचा पत्रे ठेवायचा रॅक होईल.

डोक्यामागची कमान या पाईपची करायची नाही, ती सीमलेस, म्हणजे लांबीला जोड नसलेल्या, पाईपमध्ये. बाजा स्पर्धेसाठी गाडी बनवणारी इंजिनिअरिंगची दोन पोरं आमच्या गल्लीत आहेत, त्यांनीच हे बजावून सांगितलं. त्यातला एक शेडमध्ये आल्या आल्या म्हणाला, "काय करलालाव काका हे, भारीच की!" आणि मग तासभर पाईपची तोंडं कशी घासून बसवायची ते दाखवत बसला. दोन पाईपमध्ये नख जाईल एवढी फट असेल तर वेल्डने भरू नका, परत कापा, असं त्याचं म्हणणं, आणि मी ते पाळतोय.

३० मार्च

गुढी उभी करून शेडवर गेलो. तळाची चौकट, आठ तुकडे. टेबलावर रेघा मारून, लाकडी ठोकळे स्क्रूने बसवून त्यात पाईप घट्ट बसवले. पहिला कोपरा चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड केला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याला आलो तर पाईप ठोकळ्यातून वर उचललेला. कर्ण मोजले, पाच मि.मी. फरक. वेल्ड गार होताना लोखंड ओढतं हे ऐकून माहीत होतं, पण मी एकेक कोपरा पूर्ण करत गेलो त्यामुळे सगळी ओढ एकाच दिशेने गेली. हातोडीने सरळ करायचा मोह झाला. केला नाही. तिन्ही कोपरे ग्राइंडरने कापले, दोन पाईप आखूड झाले म्हणून नवीन कापले.

६ एप्रिल

पुढच्या सस्पेन्शनचं. हे अजून सुटलेलं नाही, तरी जेवढं कळलं तेवढं लिहितो. इकोला पुढे स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) वर उभा. सेव्हनचं नाक इतकं बुटकं आहे की तो स्ट्रट बॉनेट फोडून वर येईल. सेव्हनला वर खाली दोन आर्म लागतात, आणि इकोच्या नकलला वरचा बॉल जॉइंट बसवायला जागाच नाही. एका वेल्डरने सांगितलं नकलवर तुकडा वेल्ड करून देतो. नाही म्हटलं. नकलवर वेल्डिंग करायचं नाही, कुणीही कितीही स्वस्तात देतो म्हटलं तरी. ते वेल्ड बाहेरून चांगलं दिसेल आणि वळणावर तुटेल, चाक गाडी सोडून जाईल.

दोन पर्याय उरतात. एक, स्ट्रट जिथे बोल्टने पकडला जातो तिथेच बोल्टने बसणारा ब्रॅकेट मशीनिंग करून घ्यायचा. दोन, प्रीमिअर पद्मिनीचा पुढचा भाग, तिला मुळातच दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग होती. पद्मिनीचा एक सेट भंगारात बघून ठेवलाय, पण किंगपिन झिजलेले आहेत आणि ब्रेक ड्रमचे. मला पहिला पर्याय बरा वाटतो. ब्रॅकेटचा नकाशा एका टूलरूमवाल्याला दाखवलाय, त्याने कुठला माल वापरायचा आणि किती जाड ते काढून देतो म्हटलंय. हे ठरेपर्यंत सांगाड्याचा पुढचा भाग जोडणार नाही, कारण आर्मचे ब्रॅकेट कुठे येणार त्यावर पुढच्या पाईपची जागा ठरते.

आजपर्यंतचा हिशेब: इको ६८,०००, क्रेन ३,५००, कागद ४,२००, रिपा २,३५०, झेरॉक्स ९००, टेबल १४,८००, मिग ३८,५००, चुकीचे पाईप ४,३२०, बरोबर पाईप ५,५००. एकूण १,४२,०७०. इकोचे भाग विकून आलेले २१,५०० वजा केले तर १,२०,५७०. दोन लाखांतले ७९,४३० शिल्लक. त्यात शाफ्ट, ब्रॅकेट, अॅल्युमिनियम, टायर, ब्रेकच्या नळ्या हे सगळं बसवायचंय, ओढाताण होणार. लाकडी सांगाडा मोडलेला नाही, शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, कुठलंही माप अडलं की आधी त्यावर जाऊन बसतो.

१३ एप्रिल

पहाटे पाचला शेड उघडली. चौकट परत लावली, यावेळी फक्त टाके. एका कोपऱ्याला एक टाका, मग समोरच्या कोपऱ्याला, मग बाकीचे दोन, परत पहिल्याच्या दुसऱ्या बाजूला. प्रत्येक फेरीनंतर मुलगी टेप धरायची आणि वहीत दोन्ही कर्ण लिहायची. चार फेऱ्या झाल्या, फरक एकदाही एक मि.मी. च्या वर गेला नाही. मग एकेक इंचाचं वेल्ड, तसंच समोरासमोर, मध्ये लोखंडाला हात लावता येईल इतकं गार होऊ देऊन. साडेआठपर्यंत शेडचा पत्रा तापला होता.

ठोकळे सोडवले. दोघांनी मिळून चौकट उचलली, बाहेर सावलीत नेली, परत आणून टेबलावर ठेवली. चारही कोपरे प्लायवूडला टेकले, कुठेही खडखड नाही. मुलीने परत टेप लावला आणि वहीत आधीच्याच दोन आकड्यांखाली तेच दोन आकडे लिहिले.

काकांना फोन केला. ते म्हणाले, दुपारी नळी घेऊन येतो, मी बघितल्याशिवाय पुढचा पाईप लावू नका.